पाकोळीचें बिऱ्हाड

आमच्या शाळेच्या जुन्या दगडी इमारतीस पुढल्या अंगास कमानींची जी लांब पडवी आहे, तिच्या छताखालीं, भिंत आणि तुळई यांच्या सांध्यांत, मातीचीं लहान लहान घरटीं असत. ‘असत’ असें लिहावें लागतें. कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत इमारतीस रंग देण्याचें काम निघालें, आणि एका सकाळीं तीं सातही घरटीं बांबूच्या टोकानें पाडण्यांत आलीं. पांच रिकामीं होतीं. दोहोंत पिलें होतीं. आम्ही त्या दिवशीं कांहीं कागदपत्रांसाठीं कार्यालयांत गेलों होतों. मातीच्या ढेकळांत आणि वाळक्या गवतांत पांच पिलें पडलीं होतीं. तीन तेव्हांच मेलेलीं, दोन चोंची वासून पडलेलीं. वर आईबाप पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालीत होते. जेथें घरटें होतें तेथें येऊन क्षणभर उघड्या दगडास बिलगत आणि पुन्हां उडत. दुपारीं आम्ही घरीं निघालों तेव्हांही त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या.

रंगाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. भिंती खरवडून स्वच्छ कराव्या असें ज्या कागदावर लिहिलें होतें, त्यावर इमारत-समितीच्या इतर सभासदांबरोबर आमचीही सही होती. घरटीं आहेत हें आम्हांस ठाऊक होतें. वीस वर्षें त्याच पडवींतून आमची ये-जा आहे. परंतु सही करतांना तीं मनांत आलीं नाहींत. म्हणून या लेखांत कोठें कठोर शब्द आला तर तो प्रथम लेखकास उद्देशून आहे असें वाचकांनीं समजावें.

यंदा प्रश्न पुन्हां उभा राहिला आहे. उत्तरेकडील खोल्यांना रंग द्यावयाचा आहे, आणि पाकोळ्याही परत येऊं लागल्या आहेत. पालकांकडून दोन पत्रें आलीं. मुलांच्या गणवेषावर विष्ठा पडते, नव्या रंगावर डाग पडतात, तेव्हां पडवीस तारेची जाळी लावून या पांखरांचा कायमचा बंदोबस्त करावा, अशी त्यांत सूचना आहे. शिक्षकांतही दोन तट पडले आहेत. आमचें मत जाळी लावूं नये, घरटीं राहूं द्यावीं, असें आहे. आणि तें कां, हें या अंकाच्या द्वारें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या घरच्या मंडळींपुढें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा पक्षी कोणता तें सांगितलें पाहिजे. कारण त्याच्या नांवाचा आपल्या भाषेंत मोठा गोंधळ आहे. पाकोळी म्हणजे कोठें फुलपाखरूं, कोठें पतंग. आणि दिवसभर हवेंत भिरभिरणाऱ्या चार-पांच जातींच्या पक्ष्यांना तर सरसकट पाकोळीच म्हणतात. हिवाळ्यांत तारांवर ओळीनें बसलेली, निळसर काळ्या पाठीची व लांब दुभंगलेल्या शेपटीची दिसते ती भिंगरी. ती पाहुणी आहे, थंडी सरली कीं उत्तरेकडे निघून जाते. जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या भोंवतीं किंचाळत थव्याथव्यानें घिरट्या घालणारी, कमरेवर पांढरा पट्टा आणि कोयत्यासारखे वांकडे पंख असलेली, ती दुसरी. लोक तिलाही पाकोळीच म्हणतात. पण तिचें कूळच वेगळें. तिच्या पायांचीं चारही बोटें पुढें वळलेलीं असल्यामुळें तिला तारेवर किंवा फांदीवर बसतांच येत नाहीं. भिंतीस नुसतें लटकतां येतें. तिचें घरटें पिसें व काड्या लाळेनें चिकटवून केलेलें असतें.

आमच्या पडवींतील पाकोळी या दोघींहून निराळी. ती कड्यावरची पाकोळी होय. चोंचीपासून शेपटीपर्यंत लांबी सुमारें १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही कमी. रंग सगळा धुरकट तपकिरी; चुलीवरच्या आढ्यास जो काजळीचा रंग चढतो तसा. पोटाकडे किंचित् फिकट, गळ्याशीं पुसट तांबूस रेघा. शेपटी दुभंगलेली नसून टोकाशीं जवळ जवळ सरळ कापल्यासारखी असते. अशा पांखराकडे कोणाचें लक्ष जावें? परंतु तें वळण घेतांना शेपटी पंख्यासारखी उघडतें, आणि तींत पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ क्षणभर चमकून जाते. ज्यानें ही ओळ एकदां पाहिली त्यास हा पक्षी पुन्हां ओळखावयास कोणाची मदत लागत नाहीं. शास्त्रज्ञांनींही ती पाहिली असावी; कारण या गणास त्यांनीं जें नांव दिलें आहे त्यांत पंख्यासाठीं असलेला ग्रीक शब्द आहे, आणि त्यास जोडून ग्रीक पुराणांतील प्रॉक्ने या पक्षी बनलेल्या स्त्रीचें नांव आहे.

जातीचें नांव मात्र ‘एकरंगी’ अशा अर्थाचें असून तें देणारा मनुष्य आपल्याच मुलखांत हिंडलेला होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यांतील अधिकारी. दख्खनची खानेसुमारी, पिकें, हवामान इत्यादि माहिती गोळा करण्याच्या कामावर तो १८२४ पासून कांहीं वर्षें होता. त्या फिरतींत त्यानें येथील पक्ष्यांचीही यादी केली, आणि ती १८३२ सालीं लंडन येथील प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें मांडिली. कड्यावरच्या या पाकोळीचें शास्त्रीय वर्णन जगास प्रथम त्या यादींतून मिळालें. आज ही जात हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत, आणि पूर्वेस ब्रह्मदेश, सयाम व दक्षिण चीनपर्यंत आढळते असें माहीत आहे. पण तिचा पहिला दाखला दख्खनचा. आमच्या मुलांना इतिहासाच्या तासास कंपनीच्या सेनापतींचीं नांवें पाठ करावीं लागतात. त्यांत हें एक नांव दुसऱ्या कारणासाठीं घातलें तर बिघडणार नाहीं.

हिचें मूळचें घर म्हणजे सह्याद्रीचे कडे. ज्यांनीं कोणत्याही घाटांतून उभ्या कातळाकडे नजर टाकली आहे, त्यांनीं त्या कातळाचे आडवे थर पाहिले असतील. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे लोटावर लोट येऊन थिजले त्यांचे ते थर. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें लाल मातकट पट्टा असतो. तो मऊ असल्यामुळें वाऱ्यापावसानें लवकर झिजतो, आणि वरचा कठीण दगड छज्जासारखा पुढें राहतो. त्या छज्जाखालीं पाऊस पोहोंचत नाहीं, साप चढत नाहीं, मांजर जात नाहीं. अशी जागा पाकोळी निवडते. आमची ही कल्पना आहे कीं माणसानें पहिलें लेणें खोदण्यापूर्वीं असें लेणें कसें असावें हें या पांखरांस ठाऊक होतें. पुढें माणसानें खरोखर लेणीं खोदलीं, किल्ल्यांना दरवाजे व बुरूज केले, आगगाडीचे पूल बांधले, दगडी शाळा व देवळें उभारलीं; पाकोळीनें तें सर्व नव्या कड्यांच्या सदरांत जमा केलें. तिच्या हिशेबीं आमची शाळा हा एक बरा कडा आहे. त्याच्या तळाशीं सकाळीं घंटा वाजते आणि मोठा कलकलाट होतो, एवढीच त्याची उणीव.

तिचें उडणें पाहावयाचें असेल तर उन्हें चढूं लागल्यावर पडवीच्या पायऱ्यांवर उभें राहावें. ती उंच आकाशांत जात नाहीं. भिंतीच्या दर्शनी अंगास धरून, हात दोन हात अंतर ठेवून, इकडून तिकडे व तिकडून इकडे येत असते. विणकऱ्याचा धोटा मागावर जसा जातो-येतो तशी तिची गति आहे. भिंगरीसारखी घाई नाहीं, मध्येंच पंख ताठ धरून तरंगणें आणि टोकाशीं येतांच आपल्या अंगाभोंवतीं वळणें. एक दोन तास पाहिलें तरी तिची हद्द बदलत नाहीं. उन्हानें दगड तापला म्हणजे त्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिजबरोबर बारीक माशा, चिलटें, पंखवाले कीटक वर उचलले जातात. त्या चढत्या हवेच्या कांठावर ती आपलें तोंड उघडून फिरते. भूगोलाच्या तासास आम्ही ऊर्ध्वगामी वायुप्रवाह फळ्यावर बाणांनीं काढून दाखवितों. पडवीबाहेर तोच धडा रोज फुकट चालला आहे.

‘ती डास खाते म्हणून ती उपयोगी आहे’ असा युक्तिवाद आमच्या बाजूच्या एका स्नेह्यांनीं सभेंत केला. हेतु चांगला होता, पण आम्हांस तो पटला नाहीं. पाकोळी दिवसा उजेडीं चरते. आपणांस छळणारे पुष्कळसे डास तिची वेळ संपल्यावर बाहेर पडतात. तिच्या पोटांत कांहीं डास जात असतीलच. परंतु खोट्या हिशेबावर मैत्री उभारली तर हिशेब उघडा पडतांच मैत्रीही कोसळते. शिवाय उपयोग पाहूनच ज्याला राहूं द्यावयाचें, अशा घरांत म्हाताऱ्या माणसांनीं राहावें कीं नाहीं, हाही प्रश्न निघेल.

आतां घरट्याविषयीं. एखादी वाटी उभी चिरून तिचा अर्धा भाग भिंतीस चिकटवावा, तसा त्याचा आकार असतो. तोंड वरून उघडें. दुसरी एक तांबूस कमरेची भिंगरी बोळ्याच्या तोटीसारखी वाट ठेवून बंद घर बांधते; आमची पाकोळी त्या भानगडींत पडत नाहीं. नळाखालीं सांचलेल्या डबक्याच्या कांठीं उतरून ती चोंचीनें ओल्या मातीची गोळी घेते; तिचे पाय इतके आंखूड कीं जमिनीवर तिचें चालणें म्हणजे फरफटणेंच. ती गोळी घेऊन वर जावयाचें, पहिल्या गोळीशेजारीं दाबून बसवावयाची, पुन्हां खालीं यावयाचें. अशा शेंकडों गोळ्या लागतात. विशेष हें कीं एकाच दमांत ती भिंत चढवीत नाहीं. थोडी रांग झाली कीं ती सुकूं देते, मग पुढली. ओल्या थरावर ओला थर चढविला तर सगळें कोसळतें हें कोणा गवंड्यानें तिला शिकविलें? नरमादी दोघेंही या कामास लागतात. आंत वाळकें गवत, कापूस, मऊ पिसें यांचें अस्तर असतें. अंडीं दोन ते चार. पांढरीं, त्यांवर बारीक तपकिरी ठिपके, आणि ते रुंद टोंकाकडे जास्त दाट. अंडीं उबविण्याचें व पिलें भरविण्याचें कामही दोघें वांटून घेतात. अंडीं फुटावयास अडीच आठवड्यांच्या आसपास लागतात, आणि त्यानंतर पिलांचे पंख सिद्ध होण्यास तीन आठवड्यांहून कांहीं अधिक दिवस. म्हणजे घरटें पुरें झाल्यापासून तें रिकामें होईपर्यंत सारा मामला दीड महिन्याचा. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आमच्या सूचनेचा पाया तोच आहे.

घरटें एकदां बांधलें म्हणजे तें वर्षानुवर्षें कामास येतें. त्याच हंगामांत दुसरीं अंडीं त्यांतच घातलीं जातात, आणि पुढल्या वर्षीं थोडी डागडुजी करून पुन्हां संसार मांडला जातो. उन्हाळ्याच्या आरंभीं एक वीण, पावसाळ्यांत किंवा त्यानंतर दुसरी, असा सामान्यतः क्रम असतो. ही पाकोळी गर्दी करणारी नव्हे. नदीवरच्या पुलाखालीं दुसऱ्या एका जातीच्या भिंगऱ्या शेंकडों घरटीं एकास एक लावून चाळ उभारतात. हिला तसें खपत नाहीं. एखाद्या कड्यावर एकच जोडपें, फार तर कांहीं थोडीं, तींही अंतर राखून. पालकांच्या पत्रांत ‘आज सात आहेत, उद्यां सत्तर होतील’ असें भय व्यक्त केलें आहे. तें या पक्ष्याच्या स्वभावास धरून नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें पाडलेलीं सात घरटीं सात कुटुंबांचीं नव्हतींच. दोन, फार झालें तर तीन जोडप्यांची ती कित्येक वर्षांची कमाई होती.

विष्ठेची तक्रार मात्र खरी आहे, आणि ती हंसण्यावारी नेणें योग्य नव्हे. ज्या मातेस संध्याकाळीं चार मुलांचे गणवेष धुवावे लागतात तिला पक्षिप्रेमाच्या गोष्टी सांगणें म्हणजे दुसऱ्याच्या हातानें धर्म करणें होय. पण यास उपाय आहे, आणि तो फारच सोपा. घरट्याखालीं हात दीड हात सोडून भिंतीस एक फळी ठोकावी. जें पडावयाचें तें फळीवर पडतें. आठवड्यांतून एकदां ती खरवडून तो कचरा बागेंतील झाडांना घालावा. आमच्या सुतारकामाच्या वर्गांत उरलेल्या तुकड्यांतून अशा दहा फळ्या एका दिवसांत होतील. जाळीचा खर्च किती येईल याचा आंकडा समितीपुढें आहे. फळ्यांचा खर्च खिळ्यांपुरता.

रंगाविषयीं म्हणाल तर घरटें दिसलें कीं त्या कोपऱ्यापुरतें काम दीड महिना पुढें ढकलावें. एवढ्यानें इमारत कांहीं पडत नाहीं. या बाबतींत आम्हांस एका विद्यार्थ्याच्या आजीबाईंनीं जें सांगितलें तें विसरतां येत नाहीं. त्या नातवास नेण्यास आल्या होत्या, आणि पडवींत मातीचा ढीग पाहून थबकल्या. “गुरुजी, आमच्या ओसरीच्या वळचणीला चिमणीचं कोटं असलं, तर दिवाळीचा चुना आम्ही तेवढा कोपरा सोडून देतो. पिलं उडाली की मग देतो. देव काही कोपरा बघून रागावत नाही.” आजीबाईंस लिहितांवाचतां येत नाहीं. आम्ही पदवीधर आहों, आणि समितीच्या कागदावर आमची सही होती.

कायद्याची गोष्टही सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत रानपक्ष्यांचीं अंडीं फोडणें व घरटीं विस्कटणें यांचाही समावेश केलेला आहे. बंदूक घेऊन रानांत जाणाऱ्यासच शिकारी म्हणतात अशी आमची समजूत होती. बांबूनेंही शिकार होते, आणि शाईनेंही होते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस रेव्हरंड ना. वा. टिळक यांची, बाण लागून मरणाऱ्या पक्षिणीवरील कविता येते. पाठांतराच्या स्पर्धेंत दरसाल दोघे तिघे तीच निवडतात, आणि म्हणतां म्हणतां एखाद्याचा कंठ दाटून येतो तेव्हां परीक्षकही चष्मा पुसतात. त्याच मुलांपैकीं कांहींजण मधल्या सुटींत घरट्यांवर खडे मारतांना आम्हीं पाहिले आहेत. यांत मुलें ढोंगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कवितेंतील पक्षीण बोलते. पडवींतील पाकोळी बोलत नाहीं, फार तर ‘चिट् चिट्’ असा हलका आवाज करते. जी बोलते तिच्यासाठीं रडणें सोपें असतें. ज्या शिक्षकांनीं ती कविता शिकविली त्यांनीं वर्गाबाहेर येऊन वर बोट दाखविलें नाहीं, हा दोष त्यांचा. म्हणजे पुन्हां आमचाच.

पवित्र शास्त्रांत या कुळांतील पक्ष्यासाठीं आपल्या मराठी भाषांतरांत ‘निळवी’ असा शब्द आहे. नववींत आम्हीं विचारलें, निळवी म्हणजे काय? एकानें सांगितलें, कपड्यांस घालण्याची नीळ. दुसऱ्यानें सांगितलें, निळ्या रंगाची मासळी. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रांत याच निळवीस परमेश्वराच्या वेदीपाशीं पिलें ठेवण्यास जागा मिळाल्याचा उल्लेख आहे, आणि तो उल्लेख करणारा भक्त तिचा हेवा करतो. तिला हांकून द्या असें तो म्हणत नाहीं. यरुशलेमेच्या मंदिराच्या अंगणांत विष्ठा पडत नसेल काय?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत तर वाटेंत आढळलेल्या घरट्याविषयीं स्वतंत्र आज्ञाच आहे. पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली आई धरूं नये, तिला जाऊं द्यावें; आणि ही आज्ञा पाळणारास दीर्घायुष्याचें वचन आहे. मातापित्यांचा मान राखणारासही दीर्घायुष्याचेंच वचन आहे, हें ज्यांनीं दहा आज्ञा पाठ केल्या आहेत त्यांच्या ध्यानांत येईल. आम्हीं हें सभेंत सांगितलें, तेव्हां आमच्या एका सहकाऱ्यांनीं लगेच दाखवून दिलें कीं त्या आज्ञेंत पिलें नेण्यास मनाई नाहीं. त्यांचें म्हणणें बरोबर आहे. त्या काळच्या भुकेल्या वाटसरूस तेवढी मुभा दिलेली दिसते. परंतु हात पुढें करण्यापूर्वीं वर पाहा, कोण बसलें आहे तें पाहा, मग काय तें ठरवा, इतकें तरी ती आज्ञा सांगतेच. आम्हीं वर पाहिलेंच नव्हतें. आणि आम्ही भुकेलेही नव्हतों.

आतां शेवटची एक अडचण, जी पत्रांत कोणी लिहिली नाहीं, पण आमच्या मतें तीच सर्वांत मोठी आहे. घरटीं पाडलीं नाहींत तरी पुढें तीं आपोआप नाहींशीं होण्याचा संभव आहे. भिंतींस जो नवा तैलरंग दिला आहे तो इतका गुळगुळीत आहे कीं त्यावर मातीची गोळी ठरत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस एका जोडप्यानें त्याच कोपऱ्यांत पुन्हां पाया घालण्याचा प्रयत्न केला. रोज सकाळीं फरशीवर बोरांएवढ्या मातीच्या गोळ्यांचा छोटा ढीग आढळे. शिपाई तो झाडून काढी. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तितकाच ढीग. हें सतरा दिवस चाललें. आम्हीं मोजले. पुढल्या अंगणांत फरशा बसविल्यामुळें ओली माती आतां फक्त नळापाशीं राहिली आहे, आणि तेथेंही यंदा सिमेंट घालण्याची योजना आहे. सगळीकडे जीं नवीं घरें उठत आहेत त्यांस वळचण नाहीं, छज्जा नाहीं, खडबडीत दगड नाहीं. कड्यावरून उतरून माणसाच्या भिंतींवर आलेल्या पाखरास परत कड्याकडे जा म्हणणें सोपें; पण आमच्या गांवाजवळचा अर्धा कडा खडीसाठीं फुटून रस्त्यावर पसरला आहे. म्हणून आमची समितीस अशी विनंती आहे कीं उत्तरेकडील खोल्यांच्या बाहेर, छताखालीं हातभर रुंदीचा पट्टा रंगावांचून, जसा दगड आहे तसा सोडावा, आणि नळाखालचें डबकें तसेंच राहूं द्यावें.

समितीची सभा या अंकानंतर व्हावयाची आहे. निर्णय काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. आमचें एकच मत आहे, आणि मागल्या खेपेस तेंही चुकीच्या बाजूस पडलें.

मात्र सतरा दिवसांनंतर त्या जोडप्यानें गोळ्या टाकण्याचें सोडलें तें हार मानून नव्हे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतींत एक जुना पितळी कंस आहे, त्यावर विजेचा दिवा बसविलेला असतो. कंस आणि भिंत यांच्या बेचक्यांत, जेथें रंगाऱ्याचा कुंचला पोहोंचला नव्हता, तेथें त्यांनीं घर बांधलें. नाताळच्या सुटीनंतर आम्ही शाळेंत आलों तेव्हां वाटी पुरी झाली होती, आणि आठवड्याभरांत मादी आंत बसूं लागली. दिव्याची उष्णता अंड्यांस लागेल म्हणून शिपायानें कोणास न विचारतां दिवा काढून आपल्या कपाटांत ठेविला आहे. मुख्याध्यापक संध्याकाळीं उशिरां बाहेर पडतात तेव्हां पायऱ्यांवर अंधार असतो. ते खिशांतून विजेरी काढतात, तिचा झोत मुद्दाम खालीं जमिनीवर धरतात, आणि दिवा कोठें गेला असें त्यांनीं अजून कोणास विचारलेलें नाहीं.